सोवळ्यातली खिडकी

मूळपुरुष खोलीत शिरले की खोली रिकामी होत असे.

एखाद्याच्या तोंडाला वास येत असेल किंवा त्याला स्वतःच्या आजारपणाच्या गोष्टी सांगायची खोड असेल, तर असं होतं. मूळपुरुषांना यातलं काही नव्हतं. लोक उठून जात ते निव्वळ आदरापोटी. दारात खाकरल्याचा आवाज आला की कोणी कॉम्प्युटरच्या पडद्यावर फडकं टाकी, कोणी हातातला चहा अर्धवट ठेवी आणि "या, या, बसा ना" म्हणत सगळे मागच्या दारानं अंगणात पळत. पूर्वी म्हणे सासरे खाकरले की सुना आत पळायच्या. इथे सासरे खाकरले की जावई बाहेर पळे, आणि त्याच्यामागे एक दातांचा डॉक्टर, एक वकील आणि जुन्या कॉम्प्युटरांवर जीव टाकणारी आणखी पाच-सात टाळकी.

मग मूळपुरुष रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसत आणि फडकी घातलेल्या यंत्रांकडे समाधानानं बघत. जन्मात त्यांना एवढा मान मिळाला नव्हता.

ही भानगड काय होती ते आधी सांगितलं पाहिजे. फार वर्षांपूर्वी एका कंपनीनं एक कॉम्प्युटर काढला होता. बिस्किटाच्या रंगाचा, पोट सुटलेला, जागा अडवून बसणारा. त्याच्या पडद्यावर करड्या रंगाचं मेज दिसे, त्यावर गोल कोपऱ्यांच्या खिडक्या उघडत आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात फाइल टाकली की डबा फुगे. ज्यांनी तरुणपणी तो डबा फुगताना पाहिला त्यांना पुढे लग्न, मुलंबाळं, बढती कशातच तेवढी गोडी लागली नाही. कंपनी बुडाली. यंत्रं मात्र मेली नाहीत. मेल्या त्या फ्लॉपी, ज्यांवर त्या यंत्रांची सिस्टिम होती. एकेक करून बुरशी लागून गेल्या, चालणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. आणि सिस्टिमचे हक्क फिरत फिरत अशा एका कंपनीकडे गेले, जी स्वतः काहीच बनवत नव्हती, फक्त लोकांना कोर्टात खेचत होती.

तेव्हा जावयाच्या मंडळींनी ठरवलं, की सगळी सिस्टिम नव्यानं लिहायची. पहिल्या ओळीपासून. जुनीकडे फक्त बाहेरून बघायचं: इथे दाबलं की काय होतं, तिथे ओढलं की काय सरकतं. आतल्या मूळ कोडकडे बघायचं नाही. ज्यानं तो कधी पाहिला असेल त्यानं इथे एक ओळ लिहायची नाही, आणि लिहिणाऱ्यानं अशा माणसाच्या तोंडून आतलं अवाक्षर ऐकायचं नाही. ऐकलं तर तो बाटला. बाटलेल्याचा कोड फेकून द्यायचा, म्हणजे कोर्टात कोणी "चोरी" म्हणू शकणार नाही. हा नियम वकिलाचा. दातांच्या डॉक्टरनं त्याचं नाव ठेवलं 'सोवळं', आणि तेच रूढ झालं.

आणि अशा सोवळ्यातल्या घरात, वरच्या मजल्यावर, मूळ कंपनीत प्रोग्रामर असलेला एक जिवंत माणूस राहत होता. जावयाचा सख्खा सासरा. म्हणून तो मूळपुरुष.

आता खरी गोष्ट. मूळपुरुष त्या कंपनीत होते, हे खरं. प्रोग्रामर होते, हे खोटं. ते पॅकिंगला होते. खोक्यात आधी पुस्तिका, मग फ्लॉपी, वर थर्माकोल, मग चिकटपट्टी. काम चोख होतं. त्यांनी बांधलेलं खोकं कात्रीशिवाय उघडत नसे. पण मुलीचं लग्न ठरवायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या वडिलांनी विचारलं, "आपण त्या कंपनीत काय करत होता?" मूळपुरुषांनी खोकं म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "सिस्टिम. खिडक्यांचं काम माझ्याकडे होतं."

होणारा जावई ताडकन उभा राहिला. "त्या खिडक्या? गोल कोपऱ्यांच्या? तुम्ही?" आणि मग त्याला बसा म्हणेपर्यंत तो बसलाच नाही. मूळपुरुषांच्या समोर आजवर कोणी उभं राहिलं होतं ते फक्त कॅन्टीनच्या रांगेत, आणि तेही पाठ करून. त्यांनी विधान मागे घेतलं नाही. बायको शेजारी होती, तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांना पाणी आणायला आत गेली. पुढे जगातून जाईपर्यंत ती याबद्दल बोलली नाही. अशा बायका मिळतात म्हणून पुरुषांचं फावतं.

लग्न झालं. जावई प्रश्न विचारायला लागला तेव्हा मूळपुरुषांची गाळण उडाली. रोज काहीतरी कारण काढून ते झोपायला जात. एवढ्यात सोवळं निघालं. जावई हात जोडून म्हणाला, "बाबा, रागावू नका. पण आजपासून तुमच्या कामाबद्दल माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. मी विचारलं तरी सांगायचं नाही."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. थापाड्याला गप्प बसण्याची सक्ती झाली, आणि वर त्याच्या गप्प बसण्याला लोक त्याग म्हणू लागले.

"बाबांची कमाल आहे," जावई जेवताना बायकोला सांगे. "सगळं डोक्यात आहे. मी महिनोन्‌महिने डोकं आपटतो आणि ते समोर बसून शांतपणे भात कालवतात. एवढा संयम!"

"हो ना," मुलगी म्हणे आणि वडिलांच्या ताटात भाजी वाढे.

जावयानं या खिडक्यांपायी काय काय सोडलं, त्याची यादी करण्यात अर्थ नाही. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तो होता तिथेच राहिला आणि त्याच्या हाताखालचे त्याचे साहेब झाले. मित्र सुटले. मूल नको का, असं विचारणारे नातेवाईक सुटले. पण सिस्टिमचा जवळजवळ निम्मा कोड त्याचा होता, आणि दृष्ट लागावी असा होता. एका संग्रहालयानं जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. तिथे ही नवी सिस्टिम खऱ्या जुन्या यंत्रांवर सुरू होणार होती, आणि बटण जावई दाबणार होता. एक खोट तेवढी राहिली होती. खिडकी धरून ओढता ओढता मध्येच यंत्र गारठे. बाण जागच्या जागी, खिडकी अधांतरी. नेहमी नाही, कधीकधी. कधीकधीचा रोग सगळ्यांत वाईट, हे दातांचा डॉक्टरही मान्य करी.

प्रदर्शन तोंडावर आलं असताना संग्रहालयाच्या बाई घरी जेवायला आल्या. जावयानं मूळपुरुषांना आधीच विनवलं होतं, "बाबा, त्या विचारतील. तुम्ही नुसतं हसा."

मूळपुरुष हसायच्या तयारीनं कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले. बाईंनी विचारलंच नाही. पहिल्या घासापासून त्या जावयाशीच बोलत होत्या. काय ते कोपरे, काय तो डबा, काय ती चिकाटी. मूळपुरुषांनी एकदा हसून पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे मीठ मागितलं.

"मूळ ज्यांनी बनवलं," बाई जावयाला म्हणाल्या, "त्यांनासुद्धा एवढं जमलं नसेल हो! ते काय, पगारी लोक."

मूळपुरुषांच्या हातातला चमचा ताटावर वाजला.

"जमलं नसेल?" ते म्हणाले. "अहो बाई, यांची खिडकी ओढताना अडकते. आमची कधी अडकली? आम्ही खिडकी ओढायला घेतली की आधी फ्लॉपीचं तोंड बंद करायचो. खिडकी सोडली की मग तिनं बोलायचं. एवढी साधी गोष्ट—"

"बाबा!" जावई ओरडला आणि त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले. पण कान झाकायला उशीर झाला होता. वाक्य आत गेलं होतं.

गंमत अशी, की कॉम्प्युटरबद्दल मूळपुरुष जन्मात खरं असं हे एकच वाक्य बोलले होते. ते यंत्र फ्लॉपी घातली आहे का, हे सारखं चाचपून बघे आणि दर वेळी 'टक' असा आवाज होई. पॅकिंगच्या टेबलाशेजारी एक यंत्र तपासणीसाठी दिवसभर चालू असे. टक, टक, टक. तपासनीस खिडकी ओढू लागला की टकटक थांबे, सोडली की पुन्हा सुरू. इतकी वर्षं ऐकून मूळपुरुषांना ती शेजाऱ्याच्या खोकल्यासारखी पाठ झाली होती. ज्याला कान आहेत त्याला कळावं अशी ही गोष्ट. पण मंडळींच्या एकाही यंत्रात आता जुना फ्लॉपी ड्राइव्ह उरला नव्हता. आवाज करतात, बिघडतात म्हणून त्यांनी ते सगळे कधीच काढून टाकले होते आणि त्या जागी मुकी मेमरी कार्डं बसवली होती. जुन्याचं हुबेहूब नवं करायला निघालेल्या लोकांनी पहिलं काम केलं ते जुन्याची जीभ कापायचं.

दुसऱ्या दिवशी जावयानं करू नये ते केलं. नवी सिस्टिमही जुनीसारखी ड्राइव्हची जागा सारखी चाचपून बघे; खिडकी ओढताना त्यानं ती चाचपणी थांबवली. यंत्र गारठलं नाही. दुपारभर खिडकी ओढली, वर, खाली, आडवी. नाही म्हणजे नाही.

आणि मग त्यानं त्याहून करू नये ते केलं. मंडळींना स्वतःच सांगितलं.

"ऐकलं कोणी होतं?" मुलगी कपाळावर हात मारून म्हणाली. "मी सांगणार नव्हते. त्या बाई तर मीठ मागण्यात होत्या, त्यांना काही कळलंच नाही. तुलाच हरिश्चंद्र व्हायची हौस!"

"सोवळं म्हणजे सोवळं," जावई म्हणाला. तो घामाघूम झाला होता.

रविवारी मंडळी जमायची होती. वकिलाचं म्हणणं सरळ होतं. सासरेबुवांनी मूळ कोड पाहिला असेल, तर जावई बाटला. आणि एका घरात राहून, एका टेबलावर जेवून तो आजच पहिल्यांदा बाटला यावर कुठलं कोर्ट विश्वास ठेवील? त्याचा सगळा कोड काढावा लागेल. पहिल्या दिवसापासूनचा. प्रदर्शन तर गेलंच. मात्र सासरेबुवांनी कोड पाहिलाच नसेल, नुसतं बाहेरून काही बघितलं-ऐकलं असेल, तर प्रश्नच मिटला. बाहेरून बघायला मनाई नाही. तेव्हा त्यांनाच विचारू.

रविवारी सकाळी मुलगी वरच्या मजल्यावर आली. मूळपुरुष दाढी करत होते.

"बाबा, मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"लहानपणी मी तुमचा डबा घेऊन यायचे ना. तुम्ही निळा एप्रन घालून खोकी बांधायचात. माझ्या वाढदिवसाच्या खोक्याला तुम्ही तीच चिकटपट्टी लावायचात. दातांनी तोडावी लागायची."

मूळपुरुषांनी गालावरचा फेस हळूहळू ओढून काढला.

"मग इतके दिवस बोलली नाहीस ती?"

"आई बोलली नाही, मीही नाही बोलले. कोणाचं काय बिघडत होतं? आज बिघडतंय. एक वाक्य बोला, बाबा. 'मी पॅकिंगला होतो, टकटक ऐकली होती.' बास. तो रागावणार नाही, मी सांगते ना. उलट नाचेल. तुमची टकटकच त्याला वाचवेल."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

मूळपुरुषांनी चेहरा पुसला, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "बोलेन गं. पोटची पोर आहेस. तुझ्या संसारापुढे माझं काय?"

आणि ते खरंच बोलणार होते. जिना उतरताना त्यांनी वाक्य दोनदा पुटपुटलंही.

खोलीत शिरताना सवयीनं ते खाकरले. त्या दिवशी कोणी उठून गेलं नाही. त्यांना हात असलेली खुर्ची दिली होती, शेजारी पाण्याचा पेला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मूळपुरुषांना प्रथमच कळलं, की रिकाम्या खोलीतल्या मानापेक्षा भरल्या खोलीतला मान किती गोड असतो.

"आपल्याला त्रास देतोय," वकील म्हणाला. "एकच प्रश्न. तुम्ही मूळ कोड पाहिला होता का?"

मूळपुरुष पाणी प्याले. वाक्य जिभेवर आलं होतं. एवढ्यात दातांचा डॉक्टर, वातावरण हलकं करावं म्हणून, म्हणाला, "नाही, म्हणजे माणूस कंपनीत होता एवढ्यावरून काय ठरतं? आमच्या दवाखान्यात झाडूवाला आहे, तोही बाहेर दात काढतो म्हणून सांगतो. काय सांगावं, बुवा तिथे खोकीही बांधत असतील!"

सगळे हसले. वकील हसला. मागे भिंतीला टेकून उभे असलेले दोघे तर एकमेकांना टाळी देऊन हसले.

एक जावई तेवढा हसला नाही. तो ताडकन उभा राहिला, लग्न ठरवायच्या दिवशी उभा राहिला होता तसाच.

"डॉक्टर, शब्द मागे घ्या," तो म्हणाला. "माझा कोड ठेवा, फेका, काय वाटेल ते करा. पण या माणसानं तोंडाशी आलेलं सगळं गिळून इतकी वर्षं आपलं सोवळं सांभाळलंय. त्यांना खोकी बांधणारा म्हणायचं नाही. माझ्या घरात नाही."

डॉक्टरनं कान पकडले. "चुकलो. माफी असावी."

दारात मुलगी उभी होती. तिनं वडिलांकडे बघून मान हलवली. बोला.

मूळपुरुषांनी जावयाकडे पाहिलं. हा एक माणूस या जगात त्यांच्यासाठी उभा राहत होता, आणि तो कशासाठी उभा राहत होता, हेही त्यांना दिसत होतं. खोकी म्हटल्याबरोबर तो खाली बसणार. मुलगी सांगते तसा नाचेलही, कोड वाचल्याच्या आनंदात. पण उभा राहणार नाही. पुन्हा कधीच नाही.

"खिडक्यांचा कोड," मूळपुरुष सावकाश म्हणाले, "सगळा मीच लिहिला. पहिल्या ओळीपासून."

मुलगी दारातून आत स्वयंपाकघरात गेली.

वकिलानं सुस्कारा टाकला. "मग बोलणंच खुंटलं. आता उद्या कोणी उलट सांगितलं तरी कोर्ट मानणार नाही."

कोड काढायचा तर तो काढायचा अधिकारही जावयाकडेच होता, कारण सगळा कोड जिथे साठवला होता त्या भांडाराच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, त्याच्या नावावर होत्या. त्यानं खुर्ची ओढली आणि कामाला लागला. कोपरे गेले. डबा गेला. मेनू गेला. खिडकी गेली. कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलं, तर वकील म्हणाला, "हात ठेवायला हरकत नाही, पण कामाचं बोलू नका." शेवटी जावयानं किल्ल्या डॉक्टरच्या नावावर केल्या आणि उठला. मंडळींनी यंत्रं उचलली. आता बैठक डॉक्टरच्या घरी भरणार होती. बाटलेल्याच्या घरात सोवळं कसं भरणार? जाताना मात्र प्रत्येक जण मूळपुरुषांसमोर थांबला आणि "तुम्हाला भेटून धन्य झालो" असं म्हणून गेला. मूळपुरुष प्रत्येकाला "असू दे, असू दे" म्हणाले.

त्या दिवशी मुलीनं नवऱ्याला खोक्यांचं सगळं सांगितलं. मूळपुरुष वर, कान लावून बसले होते. खालून ओरडण्याचा आवाज येईल, भांडं आपटेल, जिन्यावर पावलं वाजतील, या सगळ्याची त्यांनी तयारी केली होती. दोन्ही हातांत रुमाल घेऊन ते पलंगाच्या कडेला बसले होते. खाली कोणीच काही आपटलं नाही. थोड्या वेळानं मुलगी जेवायला बोलावून गेली. पानावर जावई म्हणाला, "बाबा, आमटी घ्या."

दुसऱ्या दिवशी जावई कामावरून वेळेवर घरी आला. पूर्वी तो आला की थेट मागच्या खोलीत जाई. आता तिथे नुसत्या टेबलाच्या खुणा उरल्या होत्या. त्यानं चहा घेतला, एक खुर्ची उचलली आणि मूळपुरुषांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ आणून ठेवली.

"बाबा," तो म्हणाला, "आता मी बाटलोच आहे. आता मला ऐकायला बंदी नाही. सांगा."

"काय सांगू?"

"सगळं. खिडकीचं. पहिल्या ओळीपासून."

मूळपुरुषांनी मुलीकडे पाहिलं. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी न थांबवता ती म्हणाली, "सांगा ना, बाबा. एवढी वर्षं मनात कोंडून ठेवलंत. त्याला तरी दुसरं काय काम आहे आता?"

"अरे, किती जुनी गोष्ट ती. आठवत नाही नीट."

"सवड आहे," जावई म्हणाला. "आठवेल तसं सांगा."

मूळपुरुषांनी घसा साफ केला. "पहिल्यांदा," ते म्हणाले, "पहिल्यांदा आम्ही चौकट काढायचो."

"कशी?"

"म्हणजे... वरून."

"वरून. मग?"

"मग खाली."

"छान. आणि कोपरा गोल कसा करायचात?"

जावयाच्या आवाजात राग नव्हता, चेष्टा नव्हती. नुसती उत्सुकता होती, लग्नाच्या वेळी होती तशीच. मूळपुरुषांनी त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्यांनी कोपऱ्याबद्दल काहीतरी सांगितलं. जावयानं मान डोलावली. मुलीनं दिवा लावला. जेवणाची वेळ होईपर्यंत मूळपुरुष बोलत होते, आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाची पाठ भिजून गेली होती.

त्यानंतर रोज तेच. चहा झाला की खुर्ची येई. मूळपुरुषांनी डोकं दुखतं म्हणून पाहिलं, तेव्हा मुलीनं बाम आणून कपाळाला चोळला आणि म्हणाली, "आता सांगा." झोप आली म्हणून पाहिलं, तेव्हा जावई उशाशी खुर्ची लावून बसला. एकदा ते फिरायला जातो म्हणाले. जावई चप्पल घालून बरोबर निघाला.

"आज कुठवर आलो होतो आपण?" एका संध्याकाळी मूळपुरुष बारीक आवाजात म्हणाले.

"एका खिडकीवर दुसरी खिडकी आली की खालची कुठे जाते, तिथवर."

"हां. ती... ती जपून ठेवायची. मेमरीत. एका बाजूला."

जावयानं थोडा विचार केला. मग खुर्ची आणखी थोडी पुढे घेतली आणि फार मायेनं म्हणाला, "पण बाबा, परवा तुम्ही म्हणालात की ती पुसून टाकायची आणि नव्यानं काढायची."

मूळपुरुषांनी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"हरकत नाही," जावई म्हणाला. "घाई कोणाला आहे? परत सुरू करू. हं, पहिल्यांदा तुम्ही चौकट काढायचात."